बॅरन फॉन स्टॉयबेन : व्हॅली फोर्जच्या कवायत-मास्तराने नेमकं केलं काय?

बारगीर

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की स्टॉयबेन एका ठरलेल्या चित्रातूनच येतो. बर्फ पडतोय, सैनिकांच्या पायात जोडे नाहीत, आणि एक प्रशियन सेनापती शिव्यांची लाखोली वाहत कवायत घेतोय. यातला 'प्रशियन' खरा, 'सेनापती' खोटा, आणि शिव्या या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग. प्रशिक्षक म्हणून त्याने जे केलं ते फार कमी ठिकाणी तपशिलात वाचायला मिळतं, म्हणून हा धागा.

आधी माणूस. फ्रीडरिक विल्हेल्म फॉन स्टॉयबेन, जन्म १७ सप्टेंबर १७३०, माग्देबुर्ग. बाप प्रशियाच्या लष्करात इंजिनिअर अधिकारी, त्यामुळे लहानपणाचा काही काळ रशियात गेला. सोळा-सतराव्या वर्षी पोरगा पायदळात भरती झाला. सप्तवार्षिक युद्धात प्रागला (१७५७) आणि कुनर्सडॉर्फला (१७५९) जखमी झाला. मधल्या काळात मायरच्या फ्रायकोरमध्ये, म्हणजे हलक्या, अर्धवट बेशिस्त तुकड्यांत, अॅडज्युटंट होता. हा अनुभव लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. १७६१मध्ये रशियनांच्या कैदेत गेला. सुटल्यावर खुद्द फ्रेडरिक राजाने निवडक १३ अधिकाऱ्यांसाठी युद्धकलेचा जो खास वर्ग चालवला त्यात त्याला जागा मिळाली. आणि १७६३मध्ये शांतता होताच नोकरी गेली. हुद्दा : कॅप्टन.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं होहेनझोलर्न-हेखिंगेन या चिमुकल्या संस्थानात दरबार-व्यवस्थापक म्हणून गेली. संस्थान कर्जबाजारी आणि हेही कर्जबाजारी. १७७७च्या उन्हाळ्यात पॅरिसला गेला, तिथे फ्रेंच युद्धमंत्री सां-जेर्मां याच्यामार्फत बेंजामिन फ्रँकलिन आणि सायलस डीन या अमेरिकेच्या प्रतिनिधींशी गाठ पडली. शिफारसपत्रात कॅप्टनचा 'प्रशियाच्या राजाचा लेफ्टनंट जनरल' झाला. प्रवासखर्च फ्रेंच नाटककार बोमार्शेने उचलला. २६ सप्टेंबरला मार्सेयहून निघून १ डिसेंबर १७७७ला पोर्ट्समथ, न्यू हँपशर. तेव्हा त्याच्या चमूच्या अंगावर लाल गणवेश होते, कारण अमेरिकन सैन्याचा गणवेश लाल असतो अशी कोणीतरी समजूत करून दिली होती. लाल म्हणजे इंग्रज! थोडक्यात निभावलं.

फेब्रुवारी १७७८मध्ये यॉर्कला अमेरिकन काँग्रेसपुढे त्याने पगार मागितला नाही, फक्त खर्च मागितला. युद्ध जिंकलं तर हिशेब करू, हरलं तर काही नको. २३ फेब्रुवारीला व्हॅली फोर्ज, म्हणजे वॉशिंग्टनच्या सैन्याची हिवाळी छावणी.

तिथे त्याला दिसलं ते असं. कागदावर रेजिमेंट, प्रत्यक्षात ३० माणसं. एका कंपनीत फक्त एक कॉर्पोरल. बंदुका गंजलेल्या, निम्म्यांना संगिनी नाहीत. काडतुसांच्या पेट्यांऐवजी कुठे पत्र्याचे डबे, कुठे गाईची शिंगं. कवायत प्रत्येक कर्नलच्या आवडीची : कोणी इंग्रजी पद्धत, कोणी फ्रेंच, कोणी प्रशियन. एकच गोष्ट सगळीकडे सारखी होती, ती म्हणजे रस्त्याने एकामागे एक अशी लांब शेपूट करून चालणं.

१९ मार्चला त्याने काम सुरू केलं. वॉशिंग्टनच्या अंगरक्षक दलात निरनिराळ्या राज्यांच्या रेजिमेंटांतून निवडून आणखी १०० माणसं घातली आणि ती झाली नमुना कंपनी. पहिल्या दिवशी सुमारे २० जणांचं टोळकं घेऊन स्वतः स्टॉयबेन उभा. बाकीचे अधिकारी भोवती उभे राहून बघतायत. पाचेक दिवसांत, २४ मार्चला, सगळ्या सैन्यात एकच कवायत सुरू झाली.

आता प्रश्न. पाच दिवसांत हे पसरलं कसं? आणि त्याने प्रशियन कवायतीतलं काय टाकलं, काय ठेवलं? जाणकारांनी लिहावं. शिव्यांचे किस्से शेवटी.

गारगोटी

चांगला धागा. 'पसरलं कसं' याचं उत्तर कागदात आहे.

स्टॉयबेनला इंग्रजी येत नव्हतं. रात्री तो दुसऱ्या दिवसाचा धडा फ्रेंचमध्ये लिहायचा. त्याचा सतरा वर्षांचा चिटणीस ड्युपोन्सो त्याचं इंग्रजी करायचा. त्यावर वॉशिंग्टनचे सहायक जॉन लॉरेन्स आणि अलेक्झांडर हॅमिल्टन हात फिरवायचे, कारण ड्युपोन्सोला इंग्रजी येत असलं तरी लष्करी इंग्रजी येत नव्हतं. मग हाताने नकला. प्रत्येक ब्रिगेडच्या इन्स्पेक्टरला एक, तिथून रेजिमेंटला, तिथून कंपनीला. छपाई नाही.

याचा एक तोटा होता, नकलेची नक्कल करताना शब्द बदलायचे. म्हणूनच नमुना कंपनी लागते. कागदावर शंका आली की डोळ्यांनी पाहिलेलं प्रमाण. आधी बघा, मग वाचा, मग आपल्या माणसांना शिकवा. नमुना कंपनीतली माणसं आपापल्या रेजिमेंटांतून आलेली, त्यामुळे ती परत गेली की तिथे चालतं-बोलतं पुस्तकच गेलं. दोन्ही बाजूंनी एकच धडा पोचतो.

सुमेधा_वि

टाकलं काय, याबद्दल. युरोपात रंगरूट आला की त्याला महिनोन्महिने आधी बंदूक हाताळण्याच्या हालचाली शिकवत. उचल, खांद्यावर घे, खाली घे, सलामी दे. त्यात चकचकीत झाला की मग चालणं आणि शेवटी तुकडीने वळणं, उलगडणं. स्टॉयबेनने क्रम उलटा केला. वसंतात लढाई सुरू होणार, हातात दोन-अडीच महिने. सलामी चुकली तर लढाई हरत नाही, रांग उलगडायला उशीर झाला तर हरते. म्हणून उभं राहणं, चालणं, वळणं आधी. बंदुकीच्या हालचाली त्याने बऱ्याच कमी केल्या आणि त्या मागाहून.

उभं राहण्याचा पहिला धडा नंतर त्याच्या नियमपुस्तकातही आला. टाचांमध्ये दोन इंच अंतर, चवडे बाहेरच्या बाजूला, पोट आत, छाती किंचित पुढे, खांदे चौरस, हात मांड्यांना लागून. आणि डोकं उजवीकडे इतकं वळवायचं की डावा डोळा वेस्टकोटच्या गुंड्यांच्या ओळीवर यावा. हे शेवटचं दिसायला विनोदी आहे, पण रांग उजवीकडच्या माणसावरून सरळ करायची असते. मान किती वळवायची हे शब्दांत सांगता येत नाही, गुंड्यांवरून सांगता येतं.

बारगीर

गुंड्या असल्या तर! व्हॅली फोर्जला किती जणांच्या वेस्टकोटला गुंड्या शिल्लक होत्या कोण जाणे.

सुमेधा_वि

:) वेस्टकोट असला तर आधी.

रंजक

चालण्याचे आकडे द्यायला हवेत, सगळी गंमत त्यात आहे.

एक पाऊल २ फूट. साधी चाल मिनिटाला ७५ पावलं, जलद चाल १२०. म्हणजे मिनिटाला १५० फूट किंवा २४० फूट. प्रशियन पद्धतीतली ताठ पायाची चाल बाजूला ठेवली.

आता हे कडक का हवं? समजा दोन प्लाटून शेजारी-शेजारी चालतायत. एक ७५ने, दुसरी ७०ने. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पाच मिनिटांत २५ पावलांचा फरक पडतो, म्हणजे ५० फूट. २० माणसांच्या आघाडीची प्लाटून साधारण ४० फूट रुंद असते. म्हणजे पाच मिनिटांत एक प्लाटून आख्खी मावेल एवढं मागेपुढे झालं. वळून रांग करायला गेलात की खिंडार.

आणि एकामागे एक चालण्याची किंमत. ३२० माणसांची बटालियन, दोघांत ४ फूट अंतर धरलं तर शेपूट १२८० फूट. शेवटच्या माणसाला पुढे यायला साध्या चालीने साडेआठ मिनिटं. तोवर शत्रूच्या किती फैरी?

खंदक

@रंजक, हिशेब थोडा चुकतोय. शेवटच्या माणसाला पहिल्याच्या जागी यायचं नाहीये. ३२० माणसं दोन ओळींत उभी केली तर १६० फाइली (पुढचा आणि मागचा मिळून एक फाइल). माणशी २ फूट धरले तर रांग ३२० फूट लांब. म्हणजे शेवटच्याला १२८० वजा ३२०, ९६० फूट सरकायचंय. साध्या चालीने सुमारे साडेसहा मिनिटं, जलद चालीने ४.

याउलट स्टॉयबेनचा प्लाटूनांचा स्तंभ बघा. १६० फाइलींच्या ८ प्लाटून, प्रत्येकी २० फाइली, आघाडी ४० फूट. एकामागे एक अशा चालवताना दोन प्लाटूनमध्ये आघाडीइतकंच, म्हणजे ४० फूट अंतर. स्तंभाची लांबी झाली ३२० फूट, बरोबर रांगेइतकी. आता हुकूम दिला की सगळ्या प्लाटून एकाच वेळी पाव वर्तुळ फिरतात आणि रांग तयार. बाहेरच्या टोकाच्या माणसाला सुमारे ६३ फुटांचा कंस चालायचाय, म्हणजे ३१-३२ पावलं. साध्या चालीने २५ सेकंद, जलद चालीने १६.

साडेसहा मिनिटं विरुद्ध २५ सेकंद. हा फरक म्हणजे स्टॉयबेन.

हे चुकतं कुठे, तर अंतरात. प्लाटूनमधलं अंतर ४० ऐवजी ३० फूट झालं तर फिरल्यावर माणसं एकमेकांवर चढतात. ५० झालं तर फट. रस्ता अरुंद झाला, चिखल लागला, पुढची तुकडी अडखळली, की अंतर सगळ्यात आधी बिघडतं. म्हणून प्लाटूनच्या अधिकाऱ्याचं स्तंभातलं मुख्य काम शत्रूकडे बघणं नव्हे, पुढच्या प्लाटूनशी अंतर राखणं.

रंजक

मान्य. ९६० बरोबर. वजाबाकी राहिली.

तळेगावकर

खंदक यांचा शेवटचा परिच्छेद अधिकाऱ्यांच्या शस्त्रांशी जुळतो. नियमपुस्तकात प्लाटूनच्या अधिकाऱ्याला तलवार आणि आखूड भाला, ज्याला एस्पाँटून म्हणतात. बंदूक नाही. बंदूक असलेला अधिकारी स्वतःच भरत-उडवत बसतो आणि त्याचं लक्ष माणसांवरून उडतं, हे वॉशिंग्टनचंही मत होतं.

अधिकाऱ्यांबाबतचा दुसरा बदल माझ्या मते सगळ्यात मोठा. इंग्रजी वळणात कवायत घेणं हे सार्जंटचं काम, अधिकाऱ्याने त्यात हात घालणं कमीपणाचं. इथे एक 'लेफ्टनंट जनरल' स्वतः बंदूक हातात घेऊन वीस जणांना दाखवतोय म्हटल्यावर कर्नलला बाजूला उभं राहायची सोयच राहिली नाही. (इथे त्याचा खोटा हुद्दा कामी आला असं म्हणावं लागतं. कॅप्टन म्हणून आला असता तर कर्नल बघायला तरी आले असते का?)

अर्थात ब्रिगेडियरांना हे सगळं रुचलं असं नाही. आधीचा इन्स्पेक्टर जनरल कॉनवे आणि वॉशिंग्टनला हटवण्याचं त्याच्या नावाने झालेलं कारस्थान ताजं होतं. 'इन्स्पेक्टर' हा शब्दच त्यांना टोचायचा. स्टॉयबेनला ५ मे १७७८ला मेजर जनरल हुद्द्यासह इन्स्पेक्टर जनरल नेमलं, आणि जूनमध्येच वॉशिंग्टनला त्या पदाच्या अधिकारांना लगाम घालणारा हुकूम काढावा लागला.

ओंकार_देश

ठासणीच्या बंदुकीचा क्रम कोणी लिहील का? चित्रपटांत तीन सेकंदांत भरतात.

गारगोटी

लिहितो. ही चकमकीच्या घोड्याची बंदूक (घोडा म्हणजे गारगोटी धरणारा, चाप ओढला की पोलादावर आपटणारा भाग). स्टॉयबेनच्या क्रमाने, गोळी झाडल्यापासून पुढे :

अर्धा घोडा. म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकवायचा, तिथून चाप ओढला तरी सुटू नये. मग पेटीतून काडतूस. काडतूस म्हणजे कागदाच्या नळीत दारू आणि गोळी. दातांनी टोक फाडायचं. थोडी दारू रंजकाच्या वाटीत (रंजक म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी दारू, तिच्यामुळे आतला बार पेटतो). वाटी बंद. उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीच्या तोंडातून आत. गज (ठासायची सळई) काढायचा, ठासायचं, गज परत जागेवर. बंदूक खांद्याला. मग पूर्ण घोडा, नेम, फैर.

काय बिघडतं :

अर्धा घोडा नीट बसला नाही तर रंजक घालतानाच बार उडतो. हात आणि शेजाऱ्याचा चेहरा भाजतो.

वाटीत रंजक जास्त पडलं तर नळीत दारू कमी उरते आणि गोळी पन्नास पावलांवर मातीत. कमी पडलं किंवा दमट झालं तर नुसती वाटी पेटते, आतला बार पेटत नाही.

आणि सगळ्यात धोक्याचं हेच. शेकडो बंदुका एकदम उडताना आपला बार उडाला नाही हे माणसाला कळतच नाही. तो पुढचं काडतूस वर ठासतो. आता आत दोन.

गज नळीतच विसरून फैर. गज गेला की बंदूक म्हणजे दांडकं, कारण पुढचा बार ठासणार कशाने?

गारगोटी बोथट झाली, हलली, किंवा ज्या पोलादावर ती आपटते ते झिजलं, तर ठिणगीच नाही.

यातल्या गारगोटी-पोलाद सोडून बहुतेक चुका माणूस क्रम चुकल्यामुळे होतात. कवायत पाठ करून घेण्याचं कारण हे. कानाशी तोफ वाजत असताना डोकं बंद पडतं, हात चालू राहायला हवेत.

आणखी एक. इंग्रजी हुकूम होता बंदूक 'समोर धरा'. स्टॉयबेनच्या पुस्तकात हुकूम आहे 'नेम धरा', आणि उजव्या डोळ्याने नळीवरून बघायला सांगितलंय.

रंजक

यात गारगोटींनी न लिहिलेली कटकट म्हणजे नळीचं माप. फ्रेंच शार्लव्हीलची नळी ०.६९ इंची, इंग्रजी ब्राऊन बेसची ०.७५. एकाच रेजिमेंटमध्ये दोन्ही असल्या तर लहान काडतूस मोठ्या नळीत सैल बसतं, गोळी वाट्टेल तिकडे जाते. मोठी गोळी लहान नळीत जातच नाही. म्हणून फ्रेंच बंदुका पुरेशा आल्यावर एका रेजिमेंटला एकच माप देणं हे कवायतीइतकंच महत्त्वाचं होतं. हे कारकुनी काम, पण इन्स्पेक्टरचं कामच ते.

खंदक

कारकुनीवरून, आकडा देतो. स्टॉयबेनचं म्हणणं असं की त्याच्या आधी दरवर्षी ५ ते ८ हजार बंदुका नुसत्या हरवायच्या. मुदत संपलेला सैनिक बंदूक खांद्यावर टाकून घरी जायचा. त्याच्या शेवटच्या तपासणीत फक्त ३ बंदुका कमी भरल्या आणि त्यांचाही हिशेब लागला. आकडा त्याचाच, त्यामुळे थोडी बढाई धरा. पण पद्धत खरी आहे. प्रत्येक कंपनीचं एक पुस्तक, त्यात माणसाचं नाव, वर्णन, त्याला दिलेलं सामान. कंपनीचे चार भाग, प्रत्येक भागावर एक नॉन-कमिशन्ड अधिकारी जबाबदार. दर शनिवारी सकाळी कॅप्टनची सर्वसाधारण तपासणी. वस्तू हरवली तर 'सैन्याची हरवली' असं होत नाही, अमक्याची हरवते.

ओंकार_देश

स्वच्छतेबद्दल बरंच ऐकलंय, की त्याच्या शौचखड्ड्यांमुळे व्हॅली फोर्जचे मृत्यू थांबले?

तळेगावकर

थांबले नाहीत. व्हॅली फोर्जला सुमारे २,००० माणसं रोगाने गेली. विषमज्वर, टायफस, हगवण, न्यूमोनिया. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश मार्च, एप्रिल, मे या महिन्यांतले, म्हणजे स्टॉयबेन तिथे असताना. थंडीने माणसं मेली हा समज आणि स्टॉयबेनने मृत्यू थांबवले हा समज, दोन्ही टिकत नाहीत. देवीची लस टोचण्याचा निर्णय वॉशिंग्टनचा, तोही १७७७चा. त्याचं श्रेय इकडे वळवू नये.

त्याने केलं ते पुढच्या छावण्यांसाठी. नियम असे : पहिल्या ओळीचे शौचखड्डे छावणीच्या पुढे ३०० फुटांवर, दुसऱ्या ओळीचे मागे तितकेच लांब. दर चार दिवसांनी बुजवून नवे खणायचे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. स्वयंपाकाच्या चुली आपापल्या कंपनीच्या मागे. म्हणजे पहिल्या ओळीचे खड्डे पुढे, चुली मागे, मधे आख्खी छावणी. क्वार्टरमास्तर जबाबदार.

यात फसतं कुठे तर हिवाळी मुक्कामात. जमीन गोठलेली असते, चार दिवसांनी खणणार कशी? आणि रात्री थंडीत ३०० फूट कोण जातो?

मावळतीचा_वारा

छान माहिती. महादजी शिंद्यांसाठी डी बॉईन या युरोपीय अधिकाऱ्याने उभे केलेले कंपू (कवायती पलटणी) साधारण याच काळातले, नाही का?

बारगीर

१७८४पासून, हो. पण तो वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे, इथे फाटे नकोत. तुम्हीच काढा, येतो.

सुमेधा_वि

परीक्षा कुठे झाली ते लिहायला हवं.

पहिली, ६ मे १७७८. फ्रान्सशी तह झाल्याचा समारंभ. तोफांची सलामी आणि मग बंदुकांची धावती फैर : पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे एकेक बार, टोकाला पोचली की मागच्या ओळीतून डावीकडून उजवीकडे परत. तीनदा. दिसायला खेळ, पण हजारो बंदुका भरलेल्या आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा बार होईपर्यंत थांबायचं. दोन महिन्यांपूर्वी हीच माणसं एकत्र वळू शकत नव्हती.

दुसरी, २८ जून, मॉनमथची लढाई. अमेरिकन जनरल चार्ल्स लीच्या तुकड्या माघार घेत मागे आल्या. त्या पळत सुटल्या नाहीत, स्टॉयबेनने मागे नव्याने उभ्या केल्या. ली पुढे कोर्टमार्शलमध्ये अडकला आणि स्टॉयबेनशी त्याचं द्वंद्वापर्यंत आलं. मॉनमथ जिंकली की बरोबरीत सुटली यावर वाद घालू शकता, पण उघड्या मैदानात दिवसभर उन्हात उभं राहून लढणं ही गोष्ट नवी होती.

तिसरी, स्टोनी पॉइंट, १५-१६ जुलै १७७९ची रात्र. अमेरिकन जनरल वेनने बहुतेक माणसांच्या बंदुका रिकाम्या ठेवून फक्त संगिनीवर इंग्रजांचा किल्ला घेतला. व्हॅली फोर्जला याच सैन्यात, स्टॉयबेनच्या म्हणण्यानुसार, संगिनीचा उपयोग मांस भाजायला होत होता.

कोरा_कागद

तीन चांगल्या गोष्टी लिहिल्यात, चौथी वाईट लिहा. व्हर्जिनिया.

१७८०च्या शेवटी दक्षिणेतल्या अमेरिकन सैन्याचा सेनापती ग्रीन याने स्टॉयबेनला तिथे ठेवलं : रंगरूट गोळा कर, सामान गोळा कर, दक्षिणेला पाठव. तिथे त्याची डाळ शिजली नाही. राज्य आधीच पिळलेलं, मिलिशिया (नागरिकांची फौज) थोड्या मुदतीची, आणि अमेरिकन शेतकऱ्याला 'तुझं कर्तव्य आहे' सांगून चालत नाही हे व्हॅली फोर्जला कळलेला माणूस इथे सरकारशी भांडत बसला. २५ एप्रिल १७८१ला पीटर्सबर्गजवळ ब्लँडफर्डला जनरल म्यूलेनबर्गबरोबर सुमारे हजार मिलिशियाने अडीचपट इंग्रजांना काही तास रोखलं आणि पूल उखडत शिस्तीत नदीपार गेले. हे कौतुकाचं. पण जूनमध्ये पॉइंट ऑफ फोर्कला इंग्रज अधिकारी सिमकोने तुकडी पसरून, शेकोट्या जास्त दाखवून मोठ्या फौजेचा भास केला आणि स्टॉयबेन निघून गेला. मागे राहिलेलं सामान इंग्रजांच्या हाती. व्हर्जिनियाने त्याला ते कधी विसरू दिलं नाही.

शिक्षक म्हणून पहिल्या प्रतीचा, स्वतंत्र सेनापती म्हणून मध्यम. धाग्यात एवढं कौतुक चाललंय म्हणून.

बारगीर

@कोरा_कागद, रास्त. फक्त यॉर्कटाउनचा वेढा जोडतो. वेढ्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला अमेरिकन बाजूचा बहुधा तो एकटाच सेनाधिकारी. एका डिव्हिजनचा प्रमुख होता. १७ ऑक्टोबर १७८१ला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं बोलणीचं निशाण बाहेर आलं तेव्हा खंदकात पाळी त्याच्या डिव्हिजनची होती. अमेरिकन सैन्यातला फ्रेंच जनरल लाफायेत बदली करायला आला तर हा हलेना. युरोपातला रिवाज असा की बोलणी सुरू झाली तेव्हा जो खंदकात, तो शेवटपर्यंत खंदकात. मान त्याचा.

ओंकार_देश

त्या नियमपुस्तकाला 'निळं पुस्तक' का म्हणतात?

गारगोटी

कागद. १७७८-७९च्या हिवाळ्यात फिलाडेल्फियात लिहिलं, सोबत फ्लरी, वॉकर, ड्युपोन्सो, आणि आकृत्या लाँफांच्या, तोच ज्याने पुढे वॉशिंग्टन शहराचा आराखडा केला. काँग्रेसची मंजुरी २९ मार्च १७७९. बांधणीला धड कातडं मिळेना, तेव्हा पुठ्ठ्यावर हाताशी असलेला निळा कागद लावला.

मुखपृष्ठावर 'भाग १' आहे. भाग २ कधी निघाला नाही. त्यामुळे घोडदळ आणि तोफखान्याच्या कवायतीला त्यात जागा नाही. तरी १८१२च्या युद्धापर्यंत चाललं.

शेवटच्या प्रकरणांत हुद्द्यानुसार सूचना आहेत, कर्नलपासून साध्या सैनिकापर्यंत. कॅप्टनला पहिली सूचना : माणसांचं प्रेम मिळव, त्यांना दयेने आणि माणुसकीने वागव, तक्रारी ऐक, आजाऱ्यांना भेट. सैनिकाला पहिली सूचना : नीट कपडे घालायला शीक, सामान पाठपिशवीत नीट भर. प्रशियन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही प्रकरणं आधी वाचावीत. युरोपातल्या जुन्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रातही त्याचा सूर हाच आहे, की तिकडे सैनिकाला 'हे कर' म्हटलं की तो करतो, इथे आधी 'का' ते सांगावं लागतं, मग करतो.

रंजक

फ्रायकोरचा धागा तिथेच जुळतो, बारगीर. अर्धवट बेशिस्त माणसांना धरून ठेवण्याची सवय त्याला मायरच्या तुकडीत लागली होती, राजाच्या गार्डांत नव्हे.

मावळतीचा_वारा

आता तरी शिव्या?

बारगीर

घ्या. तुकडी चुकली की हा जर्मनमध्ये सुरू व्हायचा, मग फ्रेंचमध्ये. माणसं हसायची, समजायचं काहीच नाही. तेव्हा न्यूयॉर्कच्या रेजिमेंटचा कॅप्टन बेंजामिन वॉकर पुढे आला, त्याला फ्रेंच येत होतं. त्याने हुकूम समजावून दिले आणि मग तोच स्टॉयबेनचा सहायक झाला. 'माझ्या वतीने इंग्रजीत तू शिव्या दे' हा किस्सा त्याच्याच बाबतीतला.

कोरा_कागद

आणि पैशाचं काय झालं? 'जिंकलो तर हिशेब' म्हणाला होता ना.

तळेगावकर

वर्षानुवर्षं अर्ज. २३ डिसेंबर १७८३ला सेनापतिपद सोडताना वॉशिंग्टनने शेवटचं अधिकृत पत्र याला लिहिलं, आभाराचं. पत्राने देणेकरी जात नाहीत. १७८४मध्ये लष्करातून निवृत्त. न्यूयॉर्क राज्याने मोहॉक खोऱ्याकडे १६,००० एकर जमीन दिली, पण ती रान तोडून वसवायची. काँग्रेसने १७९०मध्ये वर्षाला २,५०० डॉलर निवृत्तिवेतन ठरवलं, तोवर तो कर्जात गळ्यापर्यंत. २८ नोव्हेंबर १७९४ला त्याच जमिनीवर लाकडी घरात गेला. लग्न केलं नव्हतं. मालमत्ता नॉर्थ आणि वॉकर या दोन जुन्या सहायकांना. इच्छेप्रमाणे लष्करी झग्यात गुंडाळून पुरलं. काही वर्षांनी त्या कबरीवरून रस्ता काढला तेव्हा वॉकरने ती आत रानात हलवली.

सुमेधा_वि

@गारगोटी, एक राहिलं. संगीन चढवलेली असताना ठासताना हाताला लागत नाही का?

गारगोटी

लागू शकते. म्हणून तिची मान बाकदार असते. पातं नळीच्या रेषेत नसतं, उजव्या बाजूला सरकलेलं असतं, आणि तोंड मोकळं राहतं. गज दोन बोटं आणि अंगठ्यात धरून ठासायचा, मूठ वळून नाही. मूठ वळली की पात्यावर बोटं घासतात, आणि थंडीत बधिर झालेल्या बोटांना ते रक्त दिसेपर्यंत कळत नाही.